तालुक्याच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर 'थिन फिल्म'वरच पीएचडी का करतात?

सोयगाव. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. जगप्रसिद्ध अजिंठा लेणी याच तालुक्यात येतात, पण गावाला जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा जळगाव जवळ पडतं. अशा तालुक्याच्या गावांत फिजिक्स शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या पीएचडीचे विषय पाहिले तर एक शब्द सारखा भेटतो, तो म्हणजे 'थिन फिल्म', मराठीत पातळ थर.

सोलर सेल, गॅस सेन्सर, सुपरकपॅसिटर अशा मोठमोठ्या गोष्टींसाठी लागणारं हे संशोधन. मग ज्या कॉलेजात बीएस्सीच्या प्रॅक्टिकलपुरतीच प्रयोगशाळा असते, तिथे ते होतं कसं?

त्याचं उत्तर एका पद्धतीत आहे. आणि महाराष्ट्रात ती रुजली ती कोल्हापुरात.

पातळ म्हणजे किती पातळ?

माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. थिन फिल्म म्हणजे काही नॅनोमीटरपासून एखाद-दोन मायक्रोमीटरपर्यंतचा थर. चष्म्याच्या काचेवरचं अँटी-ग्लेअर कोटिंग, मोबाईलच्या टचस्क्रीनवरचा पारदर्शक पण वीज वाहून नेणारा थर, ही रोजची उदाहरणं.

असा थर द्यायची एक पद्धत म्हणजे निर्वात कक्षात पदार्थ तापवून त्याची वाफ काचेवर बसवणं. त्यासाठी आतली हवा कोट्यवधी पटींनी विरळ करावी लागते. पंप, गेज, अखंड वीज असा सगळा सरंजाम लागतो. तालुक्याच्या कॉलेजच्या बजेटमध्ये हे बसत नाही, विषय संपला.

दुसऱ्या पद्धतीला लागतं काय? काचेचा बीकर, हॉट प्लेट, थर्मामीटर, पीएच मीटर आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती काचपट्टी. हिला केमिकल बाथ डिपॉझिशन म्हणतात.

बीकरमध्ये नेमकं काय घडतं?

कॅडमियम सल्फाइडचं उदाहरण घेऊ, कारण या क्षेत्रात बरेच जण इथूनच सुरुवात करतात. पाण्यात कॅडमियमचा क्षार विरघळवायचा. थेट सल्फाइड मिसळलं तर क्षणात पिवळा साका तळाशी बसतो आणि काच कोरीच राहते. म्हणून आधी अमोनिया घालतात. तो कॅडमियमच्या आयनांना धरून ठेवतो आणि थोडे थोडे सोडतो. मग थायोयुरिया घालतात. अल्कधर्मी द्रावणात तोही सावकाश फुटतो आणि गंधकाचे आयन देत राहतो. द्रावण ६० ते ८० अंशांवर ठेवून काचपट्टी उभी बुडवली की तिच्यावर हळूहळू पिवळा थर चढतो.

सगळी करामत त्या 'हळूहळू'मध्ये आहे. तापमान, पीएच, वेळ यातलं काहीही बदललं की थर बदलतो. म्हणूनच एका पदार्थावर अख्खी पीएचडी उभी राहते. याला 'नुसतं रेसिपी बदलणं' म्हणून नाक मुरडणारेही आहेत. कधी कधी त्यांचं बरोबरही असतं. पण हाच कॅडमियम सल्फाइडचा जेमतेम ५० नॅनोमीटरचा थर जगभरातल्या अनेक थिन फिल्म सोलर सेलमध्ये वापरला गेला आहे.

या पद्धतीचा एक तोटा म्हणजे द्रावणाचा बराच भाग साका होऊन वाया जातो. १९८५ मध्ये फ्रान्समधले संशोधक निकोलाऊ यांनी त्यावर तोड काढली. काच आधी एका द्रावणात बुडवा, धुवा, दुसऱ्यात बुडवा, पुन्हा धुवा. असं पन्नास-शंभर वेळा करा. हीच 'सिलार' पद्धत. उपकरण म्हणाल तर चार बीकर आणि चिकाटी!

कोल्हापूरचे लोखंडे सर

आता येऊ माणसांकडे. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झालं. तिथल्या भौतिकशास्त्र विभागातले प्रा. चंद्रकांत लोखंडे हे या पद्धतींशी कायमचं जोडलं गेलेलं नाव. १९८९ मध्ये प्रा. एस. एच. पवार यांच्यासोबत त्यांनी विजेच्या साहाय्याने अर्धवाहक थर देण्याच्या पद्धतींचा आढावा लिहिला. १९९१ मध्ये रासायनिक पद्धतीवर त्यांचा स्वतंत्र आढावा आला. २००० मध्ये राजाराम माने यांच्यासोबत त्याच विषयाचा मोठा आढावा आणि २००४ मध्ये हबीब पठाण यांच्यासोबत 'सिलार'वरचा. हा शेवटचा लेख भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला आणि तो कुणालाही फुकट वाचता येतो. महागड्या जर्नल्सची वर्गणी न परवडणाऱ्या कॉलेजसाठी ही छोटी गोष्ट नाही.

बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेतल्या शास्त्रज्ञांसोबतही लोखंडे यांचे शोधनिबंध आहेत. पुढे त्यांचा भर सोलर सेलकडून सुपरकपॅसिटरकडे, म्हणजे झटपट चार्ज होणाऱ्या ऊर्जासाठ्याकडे वळला. रुथेनियम ऑक्साइड यासाठी उत्तम, पण महाग. मग मँगनीजसारख्या स्वस्त धातूंची ऑक्साइडं बीकरमध्ये बनवून पाहायची, ही त्यामागची एक दिशा. २०११ मध्ये दीपक दुबल आणि कोरियातल्या एका संशोधकासोबत त्यांनी यावरही आढावा लिहिला. शिवाजी विद्यापीठानंतर ते कोल्हापूरच्याच डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात संशोधन संचालक झाले.

सहलेखकांची नावं मुद्दाम दिली, कारण खरा पसारा तिथे दिसतो. माने नांदेडच्या विद्यापीठात गेले, पठाण पुणे विद्यापीठात, दुबल ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत. इकडे संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्रा. रामफल शर्मा यांच्या नावाशी जोडलेली थिन फिल्म आणि नॅनोटेक्नॉलॉजी प्रयोगशाळा उभी राहिली. सोयगाव याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतं.

थर तयार झाला, मोजायचा कुठे?

खरी अडचण इथे सुरू होते. नेहमीच्या काचपट्टीच्या एका बाजूवर १०० नॅनोमीटर कॅडमियम सल्फाइड बसलं तर त्याचं वजन भरतं साधारण ०.९ मिलिग्रॅम. एवढं मोजायला चांगला संवेदनशील तराजू हवा. अणूंची रचना पाहायला एक्स-रे डिफ्रॅक्शन आणि पृष्ठभाग पाहायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हवा. ही यंत्रं विद्यापीठात किंवा मोठ्या संस्थेत असतात. म्हणजे थर गावात बनवता येतो, पण मोजायला डबीत घालून शहरात न्यावा लागतो. तारीख मिळायची, फी भरायची आणि एसटीच्या प्रवासात काचेवर ओरखडा येऊ द्यायचा नाही.

आणि हे सगळं शिकवण्याचं काम सांभाळून. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं.

प्रमोशनचं गणित

याच नियमांत बढतीची शिडी आहे. रुजू होताना पीएचडी असेल तर पहिली पायरी ४ वर्षांनी, पुढची ५ वर्षांनी, मग ३ वर्षांनी सहयोगी प्राध्यापक आणि आणखी ३ वर्षांनी प्राध्यापक. म्हणजे सगळं वेळेत झालं तरी १५ वर्षं. प्राध्यापक व्हायला किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात.

गुणांची वाटणी मात्र मजेशीर आहे. विज्ञानातल्या एका शोधनिबंधाला मूळ ८ गुण, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वर आणखी भर. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. थिन फिल्मचं काम एकट्याने होत नाही, त्यामुळे गावात बसून थर बनवणाऱ्याच्या वाट्याला बरेचदा ३० टक्केच येण्याची शक्यता.

याच धावपळीचा फायदा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सनी उचलला. २०१८ मध्ये यूजीसीने आपल्या यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकली, त्यावरून अंदाज यावा.

पीएचडीचे विद्यार्थी घ्यायचे तर २०२२ चे नियम लागू होतात. पीएचडी झालेल्या आणि किमान ३ शोधनिबंध असलेल्या सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४ विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला ६, प्राध्यापकाला ८. हा झाला शिक्षकाचा कोटा. विद्यार्थ्याची नोंदणी मात्र मान्यताप्राप्त संशोधन केंद्रातच होते. कॉलेजला ती मान्यता नसेल तर गाईड सोयगावात आणि विद्यार्थ्याची हजेरी शंभर किलोमीटर लांब, असंही होऊ शकतं.