टॅफ्ट यांचा विजय आणि पराभव

विद्यमान राष्ट्राध्यक्षास स्वपक्षाची उमेदवारी पुन्हा मिळण्यास सहसा अडचण पडत नाहीं, हा अमेरिकेंतील सामान्य अनुभव. १९१२ सालीं मात्र तिच्यासाठीं मोठा झगडा झाला. रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष विल्यम टॅफ्ट यांच्याविरुद्ध त्यांचेच जुने स्नेही, माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट उभे राहिले. पक्षाचा उमेदवार कोण असावा, हें सामान्य मतदारांस विचारणारी प्राथमिक निवडणूक तेव्हां थोड्याच राज्यांत होत असे. त्यांपैकीं ९ राज्यें रूझवेल्ट यांनीं जिंकलीं. टॅफ्ट यांचें स्वतःचें ओहायोही त्यांत होतें. तथापि इतर राज्यांचे प्रतिनिधि पक्षधुरीणांच्या तंत्रानें निवडले जात, आणि पक्षाची यंत्रणा टॅफ्ट यांच्या हातीं होती. जूनमध्यें शिकागोच्या अधिवेशनांत बहुतेक वादग्रस्त जागा त्यांच्याच पदरांत पडल्या व उमेदवारी त्यांनाच मिळाली. रूझवेल्ट यांनीं वेगळा पक्ष काढला. नोव्हेंबरच्या निवडणुकींत मतांची फाटाफूट होऊन निर्वाचक मतें मिळालीं तीं अशीं: डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्सन ४३५, रूझवेल्ट ८८, टॅफ्ट अवघीं ८! उमेदवारी टॅफ्ट यांनीं राखिली, पण पक्ष दुभंगला. मतदारांस एकदां कौल मागितला म्हणजे तो मानण्याची तयारीही ठेवावी लागते.