खुरपे ते फवारा : खानदेशातील तणनाशकांची कहाणी

मत्तयच्या शुभवर्तमानातील निदणाचा दृष्टांत आपण मिस्सेत अनेकदा ऐकला आहे. चाकर निदण उपटायला निघतात आणि धनी त्यांना थांबवतो, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाण्याची भीती असते. प्रवचनांतून या धन्याच्या सहनशीलतेचा पुष्कळ विस्तार होतो. त्याच्या शेतीज्ञानाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. पॅलेस्टाइनमधील ते निदण म्हणजे गव्हाच्याच कुळातले एक गवत. ओंबी धरेपर्यंत ते गव्हापासून वेगळे ओळखणे कठीण. तण आणि पीक इतके निकट असताना एकाला मारून दुसऱ्याला कसे राखावे, हा त्या शेताचा प्रश्न होता. खानदेशातील तणनाशकांचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे, आणि आता तो आपल्या अंगणातील गुलाब-जास्वंदीपर्यंत येऊन ठेपला आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला सोन्याचे मोल आले आणि खानदेशची काळी जमीन जगाच्या बाजारपेठेशी जोडली गेली. पुढे १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच आजचे जळगाव आणि धुळे. (नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला.) राज्ये बदलली, जिल्ह्यांची नावे बदलली, पण कुंदा, हराळी आणि लव्हाळा या तिघांनी आपला ताबा सोडला नाही. कुंद्याची मुळे काळ्या जमिनीत इतकी खोल जातात की वरवरच्या वखरणीला तो जुमानत नाही. कापसाच्या दोन ओळींमधून बैलाचे कोळपे फिरे. परंतु झाडाच्या बुडाशी कोळप्याचे काम नव्हे. तेथे खुरपे घेऊन बसलेली बाईच लागे. निंदणीला बसलेल्या बाया हाताने काम करीत असे आपण म्हणतो. खरे पाहता त्या डोळ्याने काम करीत. दोन पानांचे रोप पाहून ते कापसाचे की तणाचे, हे त्या क्षणात ओळखत. हे ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांना टू-फोर-डी हे रसायन गवसले आणि युद्ध संपताच ते बाजारात आले. वनस्पतीच्या वाढीला चालना देणाऱ्या द्रव्याची ते नक्कल करते आणि रुंद पानांच्या झाडांना वेडीवाकडी वाढवून मारते. गवताच्या कुळातील पिकांना मात्र सहसा सोडून देते. ज्वारी, गहू, ऊस यांच्या शेतकऱ्याला हे वरदानच वाटले. (शुभवर्तमानातील त्या धन्याला याचा काही उपयोग झाला नसता, त्याचे पीकही गवत आणि तणही गवत!) परंतु खानदेशात ज्वारीच्या बांधाला लागूनच कापूस असतो, आणि कापसाइतके या रसायनाला भिणारे पीक विरळा. वाऱ्याबरोबर आलेल्या थोड्याशा तुषारांनीही त्याची पाने भेंडीच्या पानांसारखी अरुंद, चिरलेली होतात. ज्या पंपाने टू-फोर-डी फवारले तोच नीट न धुता कीटकनाशकासाठी वापरला, तरी हाच परिणाम होतो. त्यातून ‘एस्टर’ प्रकारचे टू-फोर-डी उन्हात वाफ होऊन दूरवर जाते. जळगावच्या उन्हाबद्दल तर आणखी काय सांगावे! घराच्या बागेतील जास्वंद आणि भेंडी ही कापसाच्याच कुळातील, आणि टोमॅटोही तितकाच नाजूक. म्हणून बागेजवळ हे रसायन न आणणेच उत्तम.

१९६२ मध्ये पॅराक्वॅट बाजारात आले. ते हिरव्या पानाला लागताक्षणी जाळते. पोटात गेले तर त्यावर खात्रीचा उतारा आजही उपलब्ध नाही. फुप्फुसे निकामी होऊन माणूस दगावतो. १९७० मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जॉन फ्रान्झ यांनी ग्लायफोसेटचा तणनाशक गुण शोधला आणि १९७४ पासून ते विकले जाऊ लागले. ते पानातून मुळापर्यंत उतरते, म्हणूनच हराळी-लव्हाळ्यावर त्याची मात्रा चालते. पण त्याला आपपरभाव नाही. समोर येईल ते हिरवे पान त्याला सारखेच. कापसावर ते फवारता यावे म्हणून तणनाशक सोसणारे बियाणे निघाले. त्याला आपल्या देशात मान्यता नसतानाही ते चोरट्या मार्गाने महाराष्ट्रात पोहोचले. भारतात ग्लायफोसेटला मंजुरी होती ती चहाच्या मळ्यांसाठी व बिगरपीक जागांसाठी. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ द्रव्यांत केली. अन्य काही नियामक संस्थांना ते मत मान्य नाही. त्याच वर्षी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शेतीतील विषारी रसायनांत तणनाशकांचाही उल्लेख केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा, असे बंधन घातले. असे असूनही आपण दुकानात जाऊन सहज ‘गवताचे औषध’ मागतो. विषाला औषध म्हणण्याची ही आपली सवय मला फार घातक वाटते.

अंगणात, शाळेच्या वा चर्चच्या आवारात बहुधा गाजर गवताचा त्रास असतो. १९५० च्या दशकात ते पुण्यात आढळले. अमेरिकन गव्हाबरोबर आले अशी समजूत असल्याने लोकांनी त्याला काँग्रेस गवत हे नाव दिले. त्याच्या स्पर्शाने पुष्कळांच्या अंगावर पुरळ उठते. १९८४ साली त्याची पाने खाणारा भुंगेरा मेक्सिकोतून बंगळूरला आणून सोडण्यात आला. पावसाळ्यात हा पट्टेदार भुंगेरा पानांवर दिसला, तर तेथे फवारणी करू नये. एरवी फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना हातमोजे घालून हे गवत मुळासकट उपटणे हाच बागेजवळचा निर्धोक उपाय.

१९५८ मध्ये केरळात कीटकनाशक मिसळलेल्या धान्यामुळे शंभरावर माणसे मेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला; तणनाशकेही त्याच्याच कक्षेत येतात. डब्यावरील रंगीत त्रिकोण या कायद्याखालील नियमांमुळे आला. लाल त्रिकोण अतितीव्र विषाचा. त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे. डब्यावर ज्या जागेचा उल्लेख नाही, तेथे ते रसायन वापरू नये. जेथे व्यावसायिकाकडून फवारणी करून घेणे अटळच असेल, तेथे आपण एवढे पाहावे : वारा पडलेला असावा, तोटीला झाकण असावे, कुंड्या दूर हलवलेल्या आणि रोपे पुठ्ठ्याने झाकलेली असावीत. केळीचे कोवळे पिल आणि पपईचे हिरवे खोडही ग्लायफोसेट शोषून घेते. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, आणि उरलेले द्रव शीतपेयाच्या बाटलीत तर मुळीच भरू नये. पाणी समजून ते पिणारे मूल घरातलेच असते.

फरशीच्या फटींतील गवतावर कोणी मीठ टाकण्यास सांगतात. मिठाने गवत मरते, पण पावसाने ते मीठ शेजारच्या वाफ्यात उतरते आणि तेथील माती बिघडवते. फटींत उकळते पाणी पुरते. वाफ्यांवर उसाचे पाचट किंवा केळीची वाळलेली पाने चार बोटे जाड अंथरली, तर बरेचसे तण उगवतच नाही, आणि रावेर-यावलकडे केळीच्या पानांना काय तोटा! त्यातूनही जे उगवेल त्यासाठी निंदणीवाल्या बाईला दिवसभराच्या मजुरीवर बोलवावे. फवारणी वाढल्यापासून अनेक शेतांत तिचे काम उणे झाले आहे, आणि मोगऱ्याच्या बुडातली हराळी मोगऱ्याला धक्का न लावता कशी काढायची, हे अजून तिलाच ठाऊक आहे.