दिव्याच्या बियांतून नेत्रौषध

पश्चिम आफ्रिकेंतील कालाबार येथें चेटकाचा आरोप आलेल्या माणसास एका वेलीच्या विषारी बिया खाऊं घालीत. ओकून वांचला तर निर्दोष, मेला तर अपराधी! आपल्याकडील दिव्यांचाच हा भाऊबंद. या बियांच्या अर्कानें डोळ्याची बाहुली आकसते, हें थॉमस फ्रेझरकडून कळतांच एडिंबरोच्या आर्गिल रॉबर्टसननें १८६३ मध्यें तो अर्क स्वतःच्याच डोळ्यांत घातला. वैद्यानें आपलाच डोळा पणाला लावावा, हें धाडस विलक्षणच!

काचबिंदूवर तेव्हां ग्राफेनें १८५७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेचाच काय तो आधार होता. १८७६ मध्यें स्ट्रासबुर्गच्या लुडविग लाकेरनें या बियांतील सत्त्व काचबिंदूवर वापरलें. बाहुली आकसली कीं आंतल्या पाण्याच्या निचऱ्याची वाट मोकळी होते आणि डोळ्याचा ताण उतरतो. लाकेर स्वतःच काचबिंदूचा रोगी होता. औषधानें त्यास कांहीं वर्षें आराम पडला. पुढें मात्र त्यालाहि शस्त्रक्रिया करवून घ्यावीच लागली.