हिरवळीचं भाडं

‘फुकट ते पौष्टिक’ असं आपण हसत म्हणतो खरं, पण फुकट मिळालेल्या कलेवर आपला मनातून विश्वास नसतो. तिकीट नाही म्हणजे माल हलका असणार, ही जुनी समजूत. उरुसातली कव्वाली आणि देवळातलं कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला ती पटू नये, पण पटते! न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात १९५९ साली तिकिटावरूनच एका नाटकवाल्याची आणि बागेच्या साहेबाची जुंपली, आणि भांडण थेट कोर्टात गेलं.

नाटकवाल्याचं नाव जोसेफ पॅप. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला, ब्रुकलिनमध्ये वाढलेला मुलगा. घरात यिडिश बोलली जाई. शेक्सपिअर त्याला भेटला तो सार्वजनिक वाचनालयात. वाचनालय पुस्तकाचे पैसे मागत नाही, मग नाटकानं का मागावेत, असा त्याचा साधा सवाल होता. १९५७ पासून तो या बागेत उघड्यावर शेक्सपिअरचे प्रयोग करू लागला, विनातिकीट.

साहेब म्हणजे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस. पूल, हमरस्ते, बागा बांधून या माणसानं शहराचा नकाशाच बदलला होता. त्यानं फर्मावलं, प्रेक्षकांच्या गर्दीनं हिरवळ झिजते, तेव्हा तिकीट लावा आणि त्यातून शहराला भरपाई द्या. मागणी होती एक-दोन डॉलरची. पॅपनं साफ नकार दिला. तेव्हा दिवस वाईट होते. आदल्याच वर्षी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकी संसदेच्या समितीनं त्याला बोलावलं होतं. त्यापायी टीव्ही कंपनीतली त्याची नोकरी गेली, ती त्यानं लवादापुढं भांडून परत मिळवली होती. असा माणूस आणखी एक वैर कशाला ओढवून घेईल? पण त्यानं घेतलं. खालच्या कोर्टात तो हरला, वरच्या कोर्टात जिंकला. मोझेसची अट मनमानी ठरली. गंमत म्हणजे पुढं याच मोझेसनं बागेत पक्कं नाट्यगृह बांधायचा प्रस्ताव मांडला! १९६२ साली ‘डेलाकोर्ट’ उभं राहिलं. सुमारे अठराशे खुर्च्या, वर आभाळ, रंगमंचामागं तळं आणि दगडी बेल्व्हेडेर किल्ला.

आता गाण्याकडं येतो, कारण संगीत नाटक म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतात. पॅपनं १९६७ साली शहरात आपलं बंदिस्त नाट्यगृह उघडलं, तेही एका जुन्या वाचनालयाच्या इमारतीत. पहिलं नाटक होतं ‘हेअर’. व्हिएतनामच्या लढाईवर जायचा हुकूम हातात पडलेला एक तरुण, त्याचे लांब केसांचे मित्र, आणि गॅल्ट मॅकडरमॉटचं रॉक संगीत. १९७१ साली याच मॅकडरमॉटची चाल लावलेलं शेक्सपिअरचं ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ बागेत झालं. तिथून ते ब्रॉडवेवर गेलं आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार घेऊन आलं. फुकटचा माल!

‘हेअर’ला चाळीस वर्षं झाली म्हणून सप्टेंबर २००७ मध्ये डेलाकोर्टला तीन रात्री त्याची मैफल ठेवली. नेपथ्याचा पसारा नाही, मुख्यत्वे गाणी. तेव्हा इराकमध्ये युद्ध चालू होतं. त्यामुळं जुन्या पिढीनं आपल्या तारुण्याची आठवण म्हणून ऐकायला जावं, एवढाच तो मामला राहिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिथंच पूर्ण नाटक झालं, आणि २००९ मध्ये ब्रॉडवेवर. तिथं मात्र तिकीट होतं, आणि ते स्वस्त नव्हतं.

बागेतल्या तिकिटाला पैसे नसले तरी वेळ लागतो. लोक पहाटेपासून चादरी अंथरून रांग लावतात, पुस्तकं वाचतात, डबे उघडतात. एवढं करून पाऊस आला तर खेळ थांबतो, कधी रद्दच होतो. रांगेतही पैसा शिरतोच. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी उभे राहणारे निघाले. संस्थेला घसघशीत देणगी देणाऱ्यांना राखीव खुर्ची मिळते. संस्था चालवायची तर हे करावं लागत असेल, पण मला ते खटकतं. पॅप १९९१ साली गेला. त्याला काय वाटलं असतं, कोण जाणे.

२०२३ च्या हंगामानंतर डेलाकोर्ट दुरुस्तीसाठी बंद झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ट्वेल्फ्थ नाइट’नं ते पुन्हा उघडलं. खुर्च्या नव्या आल्या, अपंगांना आत-बाहेर करणं सोपं झालं. छप्पर घातलेलं नाही, आणि रांगेत उभं राहणाऱ्याला तिकीट अजूनही मोफतच मिळतं.