घराखालच्या नळाची किंमत

घर विकत घेताना आपण भिंती ठोकून पाहतो, छत गळते का ते विचारतो, पाणी किती वेळ येते याची चौकशी करतो. मोरीचे आणि संडासाचे पाणी बाहेर नेणारा जमिनीखालचा नळ मात्र कोणी पाहत नाही. तो फुटला किंवा खचला की मगच त्याची किंमत कळते. या खर्चात नव्या नळाचा वाटा सहसा लहान असतो. फरशी आणि रस्ता फोडणे, चर खणणे, चराच्या बाजू ढासळू नयेत म्हणून आधार देणे आणि शेवटी सगळे पूर्ववत करणे, यांतच बहुतेक पैसा जातो. एका घराखालच्या नादुरुस्त मलवाहिनीची किंमत साऱ्या वस्तीने कशी मोजली, याची एक तपशीलवार नोंद इतिहासात आहे.

४०, ब्रॉड स्ट्रीट

ऑगस्ट १८५४च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. एकूण बळी सहाशेच्या वर गेले. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. ही कथा पाठ्यपुस्तकांतून आपल्या परिचयाची आहे. पण विहिरीचे पाणी दूषित झाले कसे? स्नो यांच्या सांगण्यावरून विहीर उघडून पाहिली, तेव्हा आतल्या विटांमध्ये भोक किंवा भेग दिसली नाही. अनेकांना स्नो यांचे म्हणणे पटले नव्हते.

हेन्री व्हाइटहेड हे तिथलेच तरुण धर्मोपदेशक. स्नो यांचे मत खोडून काढावे, या हेतूने त्यांनी घरोघर चौकशी सुरू केली. मृत्यूंच्या नोंदी चाळताना त्यांना एक नोंद सापडली. पंपासमोरच्या ४० क्रमांकाच्या घरातली पाच महिन्यांची मुलगी २ सप्टेंबरला जुलाबांनी वारली होती आणि तिचे दुखणे साथ भडकण्याच्या आधीच सुरू झाले होते. तिच्या आईने दुपटी धुतलेले पाणी घराच्या पुढच्या बाजूच्या मैलाकुंडात ओतले होते.

मग एप्रिल १८५५ मध्ये सर्वेक्षक यॉर्क यांनी त्या घराखालची जमीन खणून पाहिली. घरातून रस्त्याखालच्या मुख्य गटाराकडे जाणारी मोरी जुन्या पद्धतीची होती : सपाट तळ, विटांच्या बाजू, वर दगडी झाकण. उतार फारच कमी असल्याने तळाशी सुमारे दोन इंच गाळ साचला होता. सांध्यांतला चुना झिजून गेल्याने बांधकामाची अक्षरशः चाळण झाली होती. मैलाकुंडाच्या विटाही हाताने सहज निघत होत्या. तिथून विहिरीची भिंत तीन फुटांहूनही जवळ होती आणि मधली माती पाझरलेल्या घाणीने भिजलेली होती. विहीर आतून धड दिसत होती. दोष बाहेरच्या नादुरुस्त मोरीत होता. स्नो यांना विरोध करायला निघालेले व्हाइटहेड त्यांचे समर्थक झाले.

विटांकडून नळाकडे

त्या मोरीत दोन दोष होते : गळके सांधे आणि अपुरा उतार. एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये कामगारवस्त्यांच्या आरोग्यावरचा अहवाल प्रसिद्ध केला. घाणीमुळे येणारे आजारपण आणि अकाली मृत्यू समाजाला सांडपाण्याच्या व्यवस्थेपेक्षा महाग पडतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. मोठ्या विटांच्या गटारांऐवजी लहान व्यासाचे, झिलई दिलेले मातीचे नळ वापरावेत, असा त्यांचा आग्रह होता. हेन्री डोल्टन यांनी १८४६ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात असे नळ बनवण्याचा कारखाना काढला. अनेक अभियंत्यांचा मात्र लहान नळांना विरोध होता आणि पुढे काही वर्षे हा वाद गाजला. अखेरीस दोघांनाही जागा मिळाली : बॅझलजेट यांनी लंडनमध्ये बांधलेली मुख्य गटारे विटांची, तर घरांचे जोड नळांचे.

यामागचे विज्ञान सोपे आहे. तेवढेच पाणी रुंद, सपाट तळावर पातळ थराने पसरते आणि घर्षणाने मंदावते. अरुंद, गोल नळात ते खोल आणि वेगाने वाहते व मैला पुढे ढकलते. चार इंची नळाला चाळीसास एक उतार हा जुना ठोकताळा आहे. या हिशेबाने रस्त्यातले गटार घरापासून २० मीटर दूर असेल, तर नळाचे दूरचे टोक ५० सेंटिमीटर खाली जाते. नळ जसा पुढे जाईल तसा चर खोल होतो आणि खोदाई महागते.

नळाची जातही महत्त्वाची. सिमेंटचे कडक सांधे जमीन खचली की तडकतात आणि ओलाव्याकडे वाढणारी झाडांची मुळे फटीतून आत शिरतात. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत लाकडाचा लगदा आणि डांबर यांपासून केलेले स्वस्त नळ असंख्य घरांखाली घातले गेले. मातीच्या भाराने ते हळूहळू चपटे झाले आणि सुरुवातीची बचत पुढच्या पिढीला खोदाईच्या रूपाने फेडावी लागली.

न खोदता दुरुस्ती

खोदाई हाच मुख्य खर्च असेल, तर ती टाळता येईल का? १९७१ मध्ये लंडनमध्येच एरिक वुड यांनी याचे एक उत्तर शोधले. राळेत भिजवलेली नमद्याची लांब पिशवी जुन्या गटारात घालून फुगवायची. राळ घट्ट झाली की जुन्या गटाराच्या आत नवा नळ तयार होतो. आज ही पद्धत जगभर वापरली जाते. मात्र पूर्ण खचलेला किंवा उतारच चुकलेला नळ तिने सुधारत नाही. तिथे खोदाईला पर्याय नाही.

खर्च कोणाचा?

१८४८च्या इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्य कायद्याने (तो लंडन शहराला लागू नव्हता) स्थानिक मंडळांना असा अधिकार दिला, की घरमालकाने मोरी बांधली नाही तर मंडळाने ती बांधावी आणि खर्च कराच्या रूपाने वर्षानुवर्षे वसूल करावा. १ ऑक्टोबर २०११ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये अनेक घरांच्या सामाईक खाजगी मलवाहिन्या आणि घराच्या हद्दीबाहेरचे नळ पाणी कंपन्यांकडे सोपवले गेले. हद्दीच्या आतला, फक्त त्या घराचा नळ मालकाकडेच राहिला. सीमारेषा कुठे आखायची हा प्रश्न अभियांत्रिकीचा नसून समाजाचा आहे, कारण पाझर हद्द ओळखत नाही. ४० क्रमांकाच्या घराची मोरी त्या घराची होती. विहीर मात्र सर्वांची होती.

विद्यार्थ्यांकडून शाळेच्या सांडपाण्याचा नकाशा काढून घेता येईल. मोरीपासून शेवटच्या चेंबरपर्यंतचे अंतर बाहेरून मोजावे, उतार किती हवा ते गणिताने काढावे आणि विहीर किंवा कूपनलिका तिथून किती दूर आहे ते नोंदवावे. चेंबर कोणीही उघडू नये; आतले वायू प्राणघातक असतात.