उष्टा तुकडा आणि टाकलेलं ताट

अन्नाच्या नासाडीवर अलीकडे बरेच माहितीपट निघाले आहेत. २०१४ साली कॅनडात तयार झालेला ‘जस्ट ईट इट’ हा त्यांपैकीच एक. त्यात एक जोडपे सहा महिने दुकानांनी व लोकांनी टाकून दिलेल्या अन्नावर राहते. पाहणारा थक्क होतो. परंतु आपल्या वस्तीतल्या एखाद्या म्हातारीला तो दाखवला तर ती म्हणेल, “त्यांनी सहा महिनं काढलं, आमच्या पिढ्या त्यावरच गेल्या की!”

म्हणून अन्न वाचवण्याची गोष्ट आपल्या विहारात बोलायची, तर आधी आपला इतिहास बोलला पाहिजे.

महारकीच्या वतनात गावची पडेल ती कामं करायची आणि मोबदला म्हणून बलुतं व भाकरीचा तुकडा घ्यायचा. येसकराची पाळी ज्याच्याकडे असेल, त्याने दिवसभर गावकी करून संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. पदरात पडायचं ते बहुधा शिळंपाकं. मेलेलं जनावर ओढायचं, त्याच्या मांसाच्या चान्या वाळवून दुष्काळासाठी ठेवायच्या. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या पुस्तकात हे सारं आडपडदा न ठेवता लिहिलं आहे. म्हणजे गावाने अन्न ‘वाया’ घालवलं नाही, ते आपल्या ओटीत टाकलं. त्या न नासलेल्या अन्नात आपला मान मात्र नासत होता.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी सर्वांना आठवतं. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, शिळ्या तुकड्यांची आशा सोडा, असं कळकळीनं सांगितलं, हे कमी जणांना आठवतं. तुकडा सोडणं म्हणजे अनेक घरांत त्या रात्रीची चूल सोडणं होतं. तरीही आपल्या आयाबायांनी ते सोडलं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनं त्या निर्धाराला बळ दिलं आणि १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ ग्रामवतनंही रद्द केली.

आता दुसरी बाजू पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं साठ टक्के घराघरांतून गेलं. भारतात घरगुती नासाडीचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे. यात आपलीही ताटं आहेत. लग्नात, बारशात पाहुण्याचं ताट अर्धं उरलं की यजमानाला बरं वाटतं. कमी पडलं नाही, असं तो म्हणतो. ज्याच्या आज्यानं तुकडा मागितला, त्याला असं वाटणं समजू शकतं. पण मान भरल्या ताटात असतो, टाकलेल्या ताटात नसतो.

भगवान बुद्धांच्या संघात भिक्षूंसाठी पंचाहत्तर सेखिय नियम आहेत. त्यांपैकी एक असा की, भाताची शितं असलेलं पात्र धुतल्याचं पाणी वस्तीत फेकू नये. विनयपिटकात आणखी एक प्रसंग आहे. कौशांबीचा राजा उदयन आनंदाला विचारतो, दानात मिळालेल्या पाचशे वस्त्रांचं काय कराल? आनंद सांगतो, चीवर जुनं झालं की त्याचं अंथरूण करू, पुढे पायपुसणं, पुढे फडकं आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवू. राजाचं समाधान झालं.

नासाडीवर बोलताना लोक पटकन म्हणतात, “उरलेलं गरिबाला द्या.” इथं आपण जपून बोललं पाहिजे. ताटातलं उष्टं कुणालाही द्यायचं नाही. ते आपण सोडलं, दुसऱ्याच्या पदरात कशाला टाकायचं? पातेल्यातलं, हात न लागलेलं, ताजं आहे तोवर द्यायचं, आणि तेही पंगतीला बसवून, पाहुण्यासारखं. त्याहून बरं म्हणजे मोजून शिजवणं. वैशाखी पौर्णिमेच्या खीरदानाला आधी घरं मोजावीत, मग तांदूळ. लेकरांना थोडं वाढावं, लागलं तर पुन्हा वाढावं.

ज्यांनी भूक असताना तुकडा नाकारला, त्यांची आपण लेकरं आहोत. पोट भरलं असताना घास फेकणं आपल्याला शोभत नाही.