सकाळी आठ ते अकरा: मस्कतची मोठी मशीद



मस्कतमध्ये दहा-दहा वर्षे काढूनही सुलतान काबूस मशीद फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेली मराठी घरे तुमच्याही ओळखीत असतील. कदाचित तुमचेच घर त्यांतले असेल. "आपल्याला आत कुठे सोडतात!" हे आपण ठरवून टाकतो आणि मुलेही तेच धरून चालतात. खरे तर सोडतात. ओमानमधल्या बहुतेक मशिदी मुस्लिमेतरांना खुल्या नाहीत, पण ही आहे. शुक्रवार सोडून, साधारण सकाळी ८ ते ११.

आत जाण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. ओमानमध्ये इस्लामचा इबादी पंथ जुना आहे आणि त्याच्या जुन्या मशिदी अगदी साध्या असत, बऱ्याचदा मनोऱ्याशिवाय. मग पाच मनोऱ्यांची, त्यातला मुख्य ९० मीटर उंच, अशी मशीद इथे आली कशी? २३ जुलै १९७० रोजी काबूस गादीवर आले तेव्हा देशभरात डांबरी रस्ता होता जेमतेम १० किलोमीटर आणि शाळा तीन. तेलाच्या पैशावर रस्ते, दवाखाने, शाळा उभ्या राहिल्या. मग १९९२ साली मशिदीचा निर्णय झाला, १९९५ मध्ये काम सुरू झाले आणि ४ मे २००१ रोजी ती उघडली. प्रार्थनेसाठी एवढे भव्य काही लागत नाही, हे इबादी परंपरेला ठाऊक होतेच. मला वाटते, एका पिढीत पालटलेल्या देशाने स्वतःकडे पाहण्यासाठी ही वास्तू बांधली.

तिचा दगड मात्र आपल्याकडचा. सुमारे ३ लाख टन वालुकाश्म भारतातून आला. मुख्य सभागृहातला गालिचा इराणच्या विणकर स्त्रियांचा: ७० मीटर लांब, ६० मीटर रुंद, वजन २१ टन, गाठी १७० कोटी. सुमारे ६०० जणी चार वर्षे त्यावर होत्या, म्हणजे एकेकीच्या वाट्याला सरासरी २८ लाख गाठी! पाहुण्यांना त्यावरून चालू देत नाहीत. वेगळी पट्टी अंथरलेली असते. वर घुमटाखाली १४ मीटर उंचीचे झुंबर आहे. सगळे फोटो त्याचेच निघतात, माना मोडेपर्यंत.

माझे ऐकाल तर झुंबराला पाच मिनिटे द्या आणि उरलेला वेळ बाहेरच्या कमानींच्या ओवऱ्यांत घालवा. तिथल्या कोनाड्यांत इस्लामी जगातल्या वेगवेगळ्या काळांची आणि प्रदेशांची नक्षी आहे. तुर्की फरशीकाम आहे, तशीच मुघल धाटणीही आहे. आग्रा-फत्तेपूर पाहिलेल्या आजी-आजोबांना इथे ओळखीचे काही सापडेल. ते मुलांना दाखवायचे काम त्यांच्यावरच सोपवा.

पाहुणचार इथे एकतर्फी नाही, हेही मुलांना कळू द्या. जुन्या मस्कतमध्ये, राजवाड्यापासून जवळच, मोतीश्वर महादेवाचे देऊळ आहे. भारतीय व्यापारी पिढ्यानपिढ्या या बंदरात राहिले, आणि आपला देवही बरोबर घेऊन राहिले. महाशिवरात्रीला तिथे रांगेत उभे राहणारे आपण, मशिदीच्या दारात मात्र बिचकतो. हे मला तरी चमत्कारिक वाटते.

आता कपड्यांचे. पुरुषांनी पूर्ण पँट घालावी. बायकांनी हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत झाकावेत, केसांवर ओढणी घ्यावी. साडीत पोट-पाठ उघडी राहते, त्यामुळे सैल पंजाबी ड्रेस सोयीचा. चपला दाराशी काढायच्या, त्याची सवय आपल्याला आहेच. निघण्याआधी त्या दिवसाची वेळ आणि नियम एकदा पाहून घ्या.

आवारातच माहिती केंद्र आहे. तिथे खजूर आणि वेलदोड्याचा काहवा पुढे येतो आणि बसलेली माणसे गप्पांना तयार असतात. मुलांना काय विचारायचे ते विचारू द्या. मध्येच त्यांना गप्प करू नका.